पेनल्टी मिनिटांचे पेढे

मे महिन्यात, भाईंदर पूर्वेला, भर दुपारी, पंखा पाचवर ठेवून माकडटोपी घालून टीव्हीसमोर बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी रोज पाहतो. माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो आणि दार सताड उघडं ठेवतो, त्यामुळे न बघण्याची सोयच नाही.

हे पेडणेकरकाका. मूळचे रत्नागिरीकडचे, गोदीतून रिटायर झालेले, परळची खोली विकून आमच्यासारखेच जेसल पार्कात आलेले. काकी गेल्यापासून एकटेच असतात. टोपीचं कारण मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "शिर्के, बर्फावरचा खेळ आहे हा. उघड्या डोक्याने बघितला की मला शिंका येतात."

खेळ म्हणजे आइस हॉकी. काकांचा मुलगा अमेरिकेत, आणि त्याचा मुलगा रोहन तिथल्या कॉलेजच्या टीममध्ये. मुलगा प्रेक्षकांत बसून कॅमेऱ्यावर मॅच काढतो आणि इकडे येणारं कुणी सापडलं की त्याच्याबरोबर सीडी पाठवून देतो. ती सीडी पुढची येईपर्यंत काका पाठ करतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला जळलो असतो? पण त्या देशात म्हणे कॉलेजच्या पोरांनासुद्धा बक्षिसंच बक्षिसं. उत्कृष्ट गोलकीपर वेगळा, उत्कृष्ट बचावपटू वेगळा, पहिल्या वर्षाच्या पोरांतला उत्कृष्ट वेगळा, अभ्यास सांभाळून खेळणारा वेगळा. काकांना सगळी तोंडपाठ. टीम जिंकली का हरली याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. मी मुद्दाम खवचटपणे विचारायचो, "काय काका, परत हरले ना?" तर एक बोट वर करून म्हणायचे, "टीम हरली. वैयक्तिक बघा, शिर्के, वैयक्तिक." त्या शब्दावर एवढा जोर द्यायचे की कवळी हलायची.

खेळ समजावून सांगायचीही भारी हौस. एकदा त्यांनी पॅसेजमध्ये साबणाचं पाणी ओतलं आणि फरशी पुसायच्या दांड्याने डब्याचं झाकण इकडून तिकडे ढकलून दाखवायला लागले. तेवढ्यात वरच्या जयाबेन भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि घसरल्या त्या थेट काकांवर. "अरे काका, शूं करो छो? अभी हड्डी टूट जाती मेरी," त्या ओरडल्या. काका भिंतीला चिकटलेल्या अवस्थेत मला म्हणाले, "बघितलंत? याला बॉडी चेक म्हणतात."

आता माझं दुखणं ऐका. माझा मंगेश रोहनच्याच वयाचा. कॅरम बरा खेळतो. आमच्या शोकेसमध्ये त्याचं एकुलतं एक सर्टिफिकेट आहे, 'सहभागाबद्दल'. ते बायकोने हौसेने फ्रेम करून लावलं, तर काका चष्मा वर करून वाचून म्हणाले, "छान आहे. पण हे वैयक्तिक नाही हं. हे सगळ्यांनाच देतात." तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

त्यात एके दिवशी हा माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात. "रोहन पहिला आला. पेनल्टी मिनिट्समध्ये. अख्ख्या टीममध्ये सर्वांत जास्त मिनिटं आपल्या रोहनची." मी पेढा घेतला, घशात अडकला. सोसायटीच्या फळ्यावर रंगीत खडूने अभिनंदन लागलं. पुढच्या वर्षी परत पेनल्टी मिनिट्स, परत पेढे, परत खडू. आणि तिसऱ्या वर्षी चेअरमननी जाहीर केलं की महाराष्ट्र दिनाला खेळांच्या बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे पेडणेकर.

म्हणजे बघा. कॅरम स्पर्धा भरवतो मी. बोर्ड मागून आणतो मी, पावडर आणतो मी, भांडणं सोडवतो मी. मला आजवर कुणी साधा नारळ दिला नाही. आणि नातू अमेरिकेत घसरतो म्हणून हार यांच्या गळ्यात. मला तर जेवण जाईना.

शेवटी मंगेशनेच सायबर कॅफेत बसून शोधून काढलं. घरी आला तो हसतच. "बाबा, पेनल्टी मिनिट्स म्हणजे शिक्षा. कुणाला पाडलं, काठी मारली, की दोन मिनिटं बाजूला काचेच्या पेटीत नेऊन बसवतात. काकांचा रोहन सगळ्यांत दांडगट आहे."

त्या दिवशी भेंडीची भाजी होती, तरी मी चार पोळ्या खाल्ल्या. समारंभात आभार मानायचं काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडेच होतं. मी वाक्य तयार केलं: "ज्यांच्या नातवाने शिक्षा भोगण्यात पहिला नंबर सोडला नाही, अशा पेडणेकरकाकांचे आभार." आरशासमोर म्हणूनसुद्धा बघितलं. मस्त वाटत होतं.

आणि चारच दिवस आधी चेअरमन फळ्यावर खडू घेऊन उभे. अमेरिकेहून काकांच्या मुलाचा त्यांच्याकडे मेल आला होता. रोहनला या वर्षीचा सर्वांत सभ्य खेळाडूचा पुरस्कार. खरा पुरस्कार, ढालीसकट. वर्षभरात एकदाही शिक्षा नाही.

माझ्या वाक्याचा पार चुराडा झाला. आता पेढ्यांच्या ऐवजी बासुंदी येणार, अशी मी मनाची तयारी केली. पण काहीच आलं नाही. समोरचं दार चक्क बंद. संध्याकाळी चेअरमनच माझ्याकडे आले. "शिर्के, काका म्हणतायत समारंभाला येणार नाही. तुम्ही शेजारी, जरा समजवा ना."

गेलो. मनात म्हटलं, भाव खातोय म्हातारा. काकांनी दार उघडलं. डोक्यावर टोपी नव्हती. टीव्हीवर बर्फ आणि त्यावर इकडून तिकडे धावणारी हेल्मेटं.

"अभिनंदन काका. या वेळी खरोखर वैयक्तिक," मी म्हटलं.

"बसा," ते म्हणाले. "नवीन सीडी आलीय. सगळी बघितली. एकदासुद्धा पेटीत गेला नाही हो."

"मग चांगलंच आहे की. तिथे शिक्षा म्हणून बसवतात," मी म्हटलं. राहवलंच नाही.

"माहितीय. गोदीत आयुष्य गेलं माझं, पेनल्टी कशाला म्हणतात ते कळत नाही होय मला?"

"मग पेढे कसले वाटलेत?"

काकांनी उठून सीडी बदलली. जुनी मॅच. रोहन कुठला ते मला कळेना. सगळ्यांच्या तोंडावर लोखंडी जाळी. मग एकाने दुसऱ्याला आडवं केलं, शिट्टी वाजली आणि त्या दांडगटाला काचेच्या पेटीत बसवलं. कॅमेरा हळूहळू त्याच्याजवळ गेला. पोराने जाळी वर केली, पाणी प्यायला आणि हाताच्या मागच्या बाजूने नाक चोळलं.

"बघा, बघा. हे नाक चोळणं आमच्या हिचं," काका टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले. "सातवीत होता तेव्हा आला होता, त्यानंतर नाही. फोनवर हाय-हॅलोच्या पुढे गाडी जात नाही. त्याला मराठी येत नाही, मला त्याचं इंग्लिश कळत नाही. ही दोन मिनिटं नीट दिसतो बघा. आता बिल्डिंगला काय सांगणार मी? नातवाचं तोंड दिसलं म्हणून पेढे घ्या?"

पेटीचं दार उघडलं. पोराने जाळी खाली ओढली आणि गर्दीत मिसळून गेला. काकांनी रिमोटने परत मागे घेतलं.

तेवढ्यात पॅसेजमधून मंगेशची हाक आली, "बाबा, चला ना जेवायला, भूक लागलीय." काका दाराकडे बघत राहिले. "तुमचं बरं आहे शिर्के," ते म्हणाले. "रोज दिसतो." माझ्यावर कुणी जळतंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

समारंभाला मी त्यांना हाताला धरून नेलं. आभारात काय बोललो ते आठवत नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बेल वाजली. दारात माकडटोपी, हातात बॉक्स.

"काय केलं पोराने?" मी विचारलं.

"भांडला," काका म्हणाले. घामाने निथळत होते. "चांगला कडकडून भांडला. एका दमात चार मिनिटं."

मी दोन पेढे घेतले आणि मंगेशलाही हाक मारली.