हिरामणची हिलमन का तापली

हिरामणची हिलमन मोटार पनवेलला पोचली, नंदिनीशी त्याचं लग्न ठरलं आणि मंडळी बोटं चाटत उठली. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण त्या सकाळी अख्ख्या करावे गावात असं काही घडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. हिरामण सोडून! त्याला कायमच सगळं घडेल असं वाटायचं.

"मामा, पोटातलं पानी हलनार नाय!" तो नंदिनीच्या वडिलांना म्हणाला.

बाजीराव होडीवाले. चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी अट घातली होती. "पनवेलला माझ्या दादाच्या दारापरयंत गारी मधी न थांबता नेलीस, तर पोरगी तुझी. थांबलास, तर न्हावा-शेव्याचं स्थल हायच."

न्हावा-शेव्याचं स्थळ बंदरावर क्रेन चालवणार होतं. बंदर अजून बांधत होते, क्रेन अजून आली नव्हती, पण नवरदेव आत्ताच मान उंच करून चालायचा.

हिरामणची हिलमन त्रेपन्न सालची. म्हणजे हिरामणपेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि तेवढीच मानी. एकदा बंद केली की चारचौघांनी ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही. सासरच्या अंगणात ढकलगाडी नको, म्हणून मंडळी कपडे करेपर्यंत हिरामणने इंजिन चालूच ठेवलं. गाडीचं नाक अंगणात पसरलेल्या जाळ्याला टेकवून. जाळ्यावर नंदिनीच्या आईचा, वेणूबाईंचा, जवळा म्हणजे बारीक कोलंबी वाळत होती. मे महिना! पावसाळ्याची बेगमी! घुर्र घुर्र करत हिलमन अर्धा तास तिथं उभी होती, जेवणावळीत ताटावर बसलेल्या पाहुण्यासारखी.

निघताना वेणूबाई जवळा गोळा करायला गेल्या आणि किंचाळल्या.

"माझा जवला! अर्धा गेला!"

"मांजर असंल," बाजीराव म्हणाले.

"मांजर एवढं खाईल? मुक्ताबाईनं नेला! कालच बघत व्हती टकाटका!"

शेजारच्या मुक्ताबाई ओट्यावर दात घासत होत्या. त्यांनी तोंडात मिश्री असूनही असं उत्तर दिलं की दोन घरांमधला तीस वर्षांचा शेजार दोन मिनिटांत आटपला. त्याच आवाजात गाडी निघाली. पुढे हिरामण आणि बाजीराव, मागे नंदिनी आणि तापलेल्या वेणूबाई.

त्यानंतर तापली गाडी.

बेलापूर मागे पडलं आणि तापमानाचा काटा लालकडे सरकला. हिरामणने त्यावर रुमाल टाकला. काटा दिसत नाही म्हणजे गाडी तापत नाही, असा त्याचा साधा हिशोब.

"कुनाच्या घरात जवला भाजताहेत गो," नंदिनी नाक वर करून म्हणाली.

"मुक्ताबाईच्या! दुसऱ्या कुनाच्या?" वेणूबाई कडाडल्या.

"अगो, करावे मागं राहिलं. बेलापूर बी गेलं. वास हायच!" बाजीराव म्हणाले. "एवढं लांब घर कुनाचं?"

तेवढ्यात बॉनेटमधून फुस्सकन वाफ उसळली. मामांच्या पोटातलं पाणी हललं नव्हतं, गाडीच्या पोटातलं मात्र उकळलं होतं! हिलमनने दोन आचके दिले आणि खारघरच्या अलीकडे, माळावर, ती थांबली.

बाजीराव शांतपणे उतरले. त्यांनी सदऱ्याची इस्त्री नीट केली.

"न्हावा-शेव्याला निरोप धाडतो."

"बाबा!" नंदिनी.

"मामा, एक चानस द्या! रोग समजला की दवा हाय!"

आणि हिरामण रोग शोधायला लागला. पंख्याचा पट्टा ताठ. पाइप शाबूत. गाडी थंड झाल्यावर झाकण काढून डिकीतल्या कळशीतलं पाणी ओतलं. मग थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाण्याला वाट देणारी बारकी झडप, तीच उपटून खिशात घातली. सगळ्यांनी ढकललं, इंजिन धडधडलं, आणि पाचव्या मिनिटाला काटा पुन्हा लाल!

"होडीला कधी असं झालं नाय," बाजीराव म्हणाले. हे त्यांनी सातव्यांदा सांगितलं. मग त्यांनी आवंढा गिळला. "पन भूक लागली. वास लय मारतोय."

हिरामणने मान वर केली. माळावर घर नाही, चूल नाही, माणूस नाही. मग हा वास कुठला? तो नाकाने माग काढत गाडीभोवती फिरला, मागून पुढे, आणि गाडीच्या नाकावरच्या जाळीसमोर मांडी घालून बसला.

"मामी," तो आदराने म्हणाला, "मुक्ताबाई निर्दोष हाय."

रेडिएटरच्या पत्र्यापत्र्यांत जवळा खच्चून भरला होता! गाडीच्या पंख्याने अर्धा तास मन लावून ओढलेला! वारा जायला फट नव्हती. इंजिन बिचारं तोंडावर गोधडी घेऊन धावत होतं.

डिकीत पायाचा पंप होता. हिरामणने नळी मागच्या बाजूने लावली आणि बाजीरावांना म्हणाला, "मामा, दाबा!" बाजीरावांनी दाबला. पुढून फर्रकन जवळा उडाला. वेणूबाईंनी झटकन पदर पसरला. "दाबा हो! अजून दाबा! डाव्या कोपऱ्यात हाय!" करावे गावचा तो होडीवाला माळावर असा नाचला की ट्रकवाले थांबून बघू लागले.

एका ट्रकवाल्याने विचारलं, "काका, बिघाड?"

बाजीरावांनी चिमूटभर जवळा तोंडात टाकला. खुसखुशीत! डोळे मिटले. नंदिनी श्वास रोखून बघत होती. हिरामणचा श्वास तर आधीच संपला होता.

"बिघाड नाय," बाजीराव म्हणाले. "भाजत व्हता."

"म्हंजे... गारी थांबली नाय?" हिरामणने विचारलं.

"माझा जवला, माझं अंगन, गारीचा काय दोष? बस आत, जावई!"

काटा मग पनवेलपर्यंत मधोमध, ध्यान लावलेल्या साधूसारखा. बाजीरावांच्या थोरल्या भावाने पेढ्यांऐवजी पदरभर भाजका जवळा बघितला, कांदा चिरला, लिंबू पिळलं आणि तिथल्या तिथं सुपारी फोडली.

मुक्ताबाईंना वाटीभर जवळा आणि माफी पोचली. त्यांनी जवळा ठेवून घेतला. आता त्यांच्यासकट अख्खी आळी सुकट-बोंबील भाजून घ्यायला पहाटे हिरामणच्या दारात उभी असते. म्हणून त्याने परिवहन अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज केला आहे:

"सदर वाहनाची नोंद 'मोटार' या सदरातून कमी करून 'शेगडी' या सदरात करण्यात यावी, जेणेकरून ते भर रस्त्यात तापून उभे राहिल्यास त्यास बिघाड न समजता स्वयंपाक समजण्यात येईल, ही नम्र विनंती."