जावळ कुणाचं?

आमच्या फाउंड्रीतली बातमी वेळेआधी बाहेर काढून दाखवा, आख्ख्या कोल्हापूरला माझं आव्हान आहे! मी दत्तप्रसाद, कंपनी सेक्रेटरी. आमची कंपनी शेअर बाजारात आहे, त्यामुळे मोठी बातमी आधी बाजाराला कळवायची, मग जगाला. तोवर बायकोलासुद्धा नाही! वीस वर्षांत माझ्या पोटातून एक अक्षर निसटलेलं नाही. निदान त्या मंगळवारपर्यंत मी असं छाती काढून सांगत असे.

त्या मंगळवारी आमचे चेअरमन उदयसिंहदादांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"शुक्रवारी अकराला संचालकांची मीटिंग. हातकणंगल्याचा दुसरा कारखाना मंजूर करून टाकू. आणि संध्याकाळी आठशे कामगारांना मटण!"

"दादा, मटण म्हटलं की बातमी फुटली!" मी ओरडलोच.

कारण दादा मटण घालतात ते मोठं काही घडलं तरच. मागं घातलं ते कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा. आता फाउंड्रीच्या नावानं मटण सांगितलं असतं तर दुपारपर्यंत शेअर कौलावर चढला असता, आणि मागोमाग बाजाराचं पत्र आलं असतं, बातमी फोडली कुणी? माझी नोकरी गेलीच म्हणून समजा!

"मग तुमच्या नावानं सांगा की," दादा म्हणाले.

मी हुशार माणूस. चार दुकानं गाठली, प्रत्येकी पन्नास किलो. पहिल्याच दुकानात गणपतरावांनी सुरी थांबवली.

"पन्नास किलो? काय इशेष, पावणं?"

सांगायचं कारण तर मी ठरवलंच नव्हतं! कोल्हापुरात घरगुती एवढं मटण लागतं ते पोराच्या जावळालाच.

"जावळ हाय घरी," मी ठोकून दिलं.

"नातवाचं व्हय?"

"व्हय."

एकच अडचण होती. आमच्या घरात सगळ्यात लहान म्हणजे आमची अंतरा, आणि ती बारावीला आहे.

बुधवारी कळंब्यातले शेजारी बाळाचं नाव विचारू लागले. गुरुवारी पहिल्या एसटीनं गारगोटीहून माझी थोरली बहीण आक्का हजर! हातात अंगडं-टोपरं आणि चांदीचे वाळे.

"दत्ता, बाळ कुठाय?"

"कुठलं बाळ?"

"गणपतरावची बायकू आमच्याच गल्लीतली हाय. पन्नास किलो सांगितलंस म्हणं!"

"पन्नास?" कुंपणापलीकडून शेजारच्या शालूबाईंनी मान वर काढली. "आम्ही मटण घेतो त्या दुकानात बी पन्नास सांगितलंय की!"

"शंभर किलो! म्हंजी पोरगं लई लाडाचं हाय!" आक्कानं माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "दत्ता, खरं सांग. दुसरं बिऱ्हाड केलंयस व्हय रं?"

माझ्या तोंडातून सवयीचंच वाक्य बाहेर पडलं.

"या टप्प्यावर मी कोणतंही भाष्य करू शकत नाही!"

गुंतवणूकदारांचे फोन आले की मी हेच म्हणतो. ते गप्प बसतात. आक्कानं फरशीवर बसकण मारली.

"न्हाय म्हणाला न्हाय गं बाई!"

'मटण फाउंड्रीचं आहे', एवढं म्हटलं असतं तरी सुटलो असतो. पण शालूबाईंचे यजमान दिवसभर मोबाईलवर शेअरचे भाव बघत बसतात! संसार तर गेलाच होता, नोकरी तेवढी वाचवायची.

तेवढ्यात माझी बायको, संयोगिता, पदराला हात पुसत बाहेर आली. मी डोळे मिटून घेतले.

"उठा आक्का. माझा नवस हाय. ह्यांच्या हापिसातल्या शिपायाच्या नातवाच्या जावळाचं जेवण आपण घालायचं, असं मी बोललेलते. ह्यास्नी मीच गप ऱ्हायला सांगितलं."

"मग आधी सांगायचं न्हाईस!" आक्कानं डोळे पुसले. "मी बी जेवूनच जाती."

शुक्रवारी सव्वाबाराला मीटिंग संपली आणि साडेबाराच्या आत मी बाजाराला कळवलं. संध्याकाळी फाउंड्रीत पंगती बसल्या. शिपायाला खरंच नातू निघाला, देवाची कृपा! आक्कानं त्याला टोपरं घालून वाढप्यांना पांढऱ्या रश्श्यात काय कमी आहे ते सुनावलं.

मी संयोगिताला बाजूला घेतलं. "तुला कसं कळलं?"

"अहो, किती वाजता पाठवू म्हणून चारी दुकानांचे फोन घरीच आले की! दोनशे किलो म्हंजे आठशे पानं. आठशे माणसं फाउंड्री सोडून कुठं हायत आपली? आन् दादा उगंच मटण घालत्यात होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर नोकरी गेली असती तुमची. त्या नवसापायी लोकांनी एक दिस मला नावं ठिवली, ठिवू देत."

माझे डोळे भरून आले. तिखटानं नव्हे! वीस वर्षं गुपितं मी सांभाळतो असं समजत होतो, आणि मला सांभाळत होती ही बाई. तिचे उपकार कुठल्या जन्मी फेडू, तेच कळेना.

पण नियम म्हणजे नियम. बातमी आधी ज्याला कळली, त्याची नोंद करावीच लागते. शनिवारी सकाळी मी नोंदी उघडल्या आणि नाव लिहिलं, संयोगिता. नातं, पत्नी. माहिती कुणाकडून मिळाली? दत्तप्रसाद, कंपनी सेक्रेटरी. कशी मिळाली?

बराच वेळ विचार केला आणि खरं तेच लिहिलं. मटणावरून.