मनोहरभाऊ कोची पाहतात

आमचे शेजारी मनोहरभाऊ गावंडे यांनी ताजमहाल फाटकातून पाहिला आणि तिथूनच परत फिरले. तिकीट काढलेलं होतं, बाकीची मंडळी आत शिरत होती. भाऊ म्हणाले, "पायलं. चला आता." मग बाहेरच्या गाडीवर त्यांनी एक ग्लास उसाचा रस घेतला, आणि त्यांच्यापुरतं आग्रा संपलं.

ही सवय त्यांना धंद्यानं लावली. नागपुरात कळमन्याच्या बाजारात त्यांची संत्र्याची अडत होती. पुढ्यात संत्र्यांचा ढीग, एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि सगळ्यांना घाई. भाऊ वरचं एक संत्रं बघायचे, मग ढिगात हात घालून खालचं एक काढायचे. तेवढ्यावर भाव बोलला जायचा. "वर सारे चांगलंच ठेवतात जी," ते सांगत, "खालचं पाहा लागते." कोणतंही गाव ते असंच बघतात. गावाचं नाव ज्यानं झालं ते वरचं एक, आणि कुठलीतरी मागची गल्ली, टपरी किंवा गॅरेज हे खालचं एक. जयपूरला हवामहाल बघून ते मागच्या बाजूला पंक्चर काढणाऱ्याकडे गेले होते. जयपूर चांगलं शहर आहे असं त्यांनी त्याच्यावरून ठरवलं.

घरी तरी वेगळं काय. सिनेमा ते मध्यंतरापर्यंत बघतात. लग्नाला गेले की मंगलाष्टकांच्या आधी आहेर देऊन मोकळे. आमच्याकडे चहाला येतात, पण उंबऱ्यातच उभे, पायात चपला, हातात बशी. त्यांना गुडघ्याचा काही त्रास असावा असं आमच्या हिला कितीतरी वर्षं वाटत होतं. शेवटी तिनं एकदा विचारलं. "गुडघे मस्त हाय वहिनी," भाऊ म्हणाले, "बसलं का टाइम जाते." मागच्या वर्षी त्यांनी अडत पोराच्या हवाली केली. आता वेळ घालवायचा कुठे हाच प्रश्न होता, पण बसायला ते काही शिकले नाहीत.

अशा माणसाला त्याच्याच पोरानं समुद्रसफरीचं तिकीट काढून दिलं. मुंबईहून जहाज निघणार, कोचीला थांबणार आणि परत. एक तिकीट भाऊंचं, दुसरं माझं. पोरगा मला म्हणाला, "काका, तुम्ही राहा सोबत. बाबा मधातच कुठं उतरले तर मी काय करू?" नागपूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप असतंच. मी लगेच हो म्हटलं.

जहाजानं मुंबई सोडायच्या आत भाऊंनी सगळं जहाज बघून टाकलं. वरचं एक म्हणजे गच्चीवरचा पोहण्याचा हौद, खालचं एक म्हणजे जिथे चादरी धुतात ती खोली. तिथे कसे शिरले देव जाणे. "पायलं," ते येऊन म्हणाले, "आता?" आता पुढचा अख्खा दिवस नुसतं पाणी होतं. एका पोऱ्याला त्यांनी विचारलंसुद्धा, "इथून उतरता येत नाही काय?" तो बिचारा घाबरून आपल्या साहेबाला बोलवायला गेला. आयुष्यात पहिल्यांदा भाऊ अशा जागी अडकले होते जिथून निघून जाता येत नाही, आणि मला, खरं सांगतो, फार मजा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते कठड्याला टेकून जरा थांबले. जहाज उद्या सकाळी कोचीला लागणार आणि दुपारी सुटणार, मागे राहील त्याच्यासाठी थांबणार नाही, असं भोंग्यावरून पुन्हा पुन्हा सांगत होते.

"उद्या वरचं एक, मासे धराचे ते चिनी जाळे," भाऊ म्हणाले.

"आणि खालचं?"

"जेसी सिस्टरचं घर."

जेसी सिस्टर मला आठवत होत्या. धंतोलीच्या ज्या दवाखान्यात कमलवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, शेवटचे दोन महिने होत्या, तिथल्या नर्स. पुढे त्या नोकरी सोडून आपल्या गावी, कोचीला परतल्या.

"ऐन मृगबहाराच्या संत्र्याचा माल येऊन राह्यला होता तवा," भाऊ पाण्याकडे बघत म्हणाले. "सकाळी पाच मिनिटं जात होतो, संध्याकाळी पाच मिनिटं. मले वाटे, हे काय, बरी होऊन घरी येईल. मंग बसू. तेवढे पाच पाच मिनिटं माह्यापाशी हायत. बाकी सारी कमल सिस्टरपाशी हाय. थे ऐकाचं हाय मले."

"फोन करायचा ना भाऊ."

"केला. सिस्टर म्हणते, अम्मा बहुत अच्छी थी. मी म्हणतो हो. मंग दोघंबी चूप."

मला हसू येणं तिथेच बंद झालं. उद्याचा तो जहाजाचा थांबा आता मला फार तोकडा वाटायला लागला.

सकाळी उतरल्याबरोबर रिक्षा केली. चिनी जाळ्यांपाशी एक भलं मोठं जाळं हळूहळू पाण्यात उतरत होतं. ते वर कधी येतं आणि त्यात काय निघतं हे बघायला पर्यटक ताटकळत उभे होते. भाऊ म्हणाले, "पायलं." त्या जाळ्यात मासे आले का हे मला अजून माहीत नाही.

घर सापडायला मात्र वेळ गेला. रिक्षावाल्याला हिंदी येत नव्हती, आम्हाला मल्याळम येत नव्हतं, आणि गल्ल्या सगळ्या सारख्या. शेवटी फोनवर सिस्टरनीच त्याला रस्ता सांगितला. त्या दारात उभ्या होत्या. केस पिकले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मी चाट पडलो.

"या जी भाऊ. काहून इतला उशीर?"

"वऱ्हाडी येते तुम्हाला?" मी विचारलं.

"कमलअम्मानं शिकवली. फोनवर बोलाची लाज वाटे. औषध घ्या म्हटलं तर म्हणे, पहिले वऱ्हाडीत म्हण."

भाऊ नेहमीसारखे उंबऱ्यात उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसले. पाठ टेकून बसले. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

सिस्टर सांगत गेल्या. कमलवहिनी त्यांना नरखेडकडच्या माहेरच्या बागेबद्दल सांगायच्या, विहिरीत पोहायला शिकल्या ते सांगायच्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची नक्कल करून सगळ्या वॉर्डाला हसवायच्या. भाऊ मान हलवत होते. विहिरीत पोहण्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"माह्याबद्दल काही म्हणे काय?" त्यांनी शेवटी विचारलं. एवढ्यासाठीच हा माणूस इतक्या दूर आला होता.

"तुम्ही गेले का रोज म्हणे, अवं, जेवले काय हे इचाराचंच राह्यलं."

"रोज?"

"रोज. उद्या आले का इचारीन म्हणे. तुम्ही येत, डॉक्टर काय म्हणे, गोळी घेतली काय, एवढं बोलत आन् निंगून जात. तिचं राहूनच जाए."

सिस्टर उठल्या आणि त्यांनी पान वाढलं. लाल तांदळाचा भात, सांबार, केळफुलाची भाजी. मी घड्याळ पाहिलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"भाऊ, जहाज सुटेल."

"सुटू द्या जी. जेवू द्या मले."

ते जेवले. सावकाश, एकेक घास चावून, दुसऱ्यांदा भात घेऊन. बशीतला चहा उभ्यानं ढोसणारा हा माणूस समोर मांडी घालून जेवत होता आणि मी त्याला एका शब्दानं घाई केली नाही. जहाज गेलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

ते गेलं नाही. आम्ही सगळ्यांत शेवटी धावत पोचलो, दारावरच्या अधिकाऱ्यानं आम्हाला इंग्रजीत चांगलंच झापलं, आणि आमच्या मागे शिडी ओढून घेतली. भाऊ गच्चीवर जाऊन उभे राहिले. कोचीचा किनारा लहान होत गेला तरी ते हलले नाहीत. अंधार पडला, खाली जेवणाची घंटा झाली. मी जाऊन म्हटलं, "चला भाऊ, जेवायचं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. किनारा होता त्या दिशेला बघत, घरातल्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाले, "जेवलो मी."