अँप्लिफायरचा ताप

आधीच सांगून टाकतो: नवा अँप्लिफायर आणण्याचा माझा निर्णय बरोबर होता. आजही माझं मत तेच आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. (आमच्या घरातले सगळे हसून झाले आहेत, तेव्हा आता तुमचीच पाळी.)

त्याचं असं झालं. बाहेर शिकून मी घरी परतलो, तेव्हा बाबांनी हॉलमध्ये बसणं सोडलं होतं. जन्मभर छापखान्यातल्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते. टीव्हीचा आवाज वाढवला की आई वैतागायची, कमी केला की बाबांना नुसते ओठ हललेले दिसायचे. शेवटी कोणाशी न भांडता ते गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले आणि तिथलेच झाले. एकेकाळी दर शनिवारी दुपारी घरादाराला गोळा करून सिनेमा दाखवणारा हा माणूस! मला ते बघवेना.

"कानाचं मशीन घ्या ना, बाबा."

"जन्मभर मशीनच्या कानात तेल घातलं. आता मशीन माझ्या कानात नको."

विषय संपला. पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. मी विचार केला, बाबांना मोठा आवाज नको आहे, स्वच्छ आवाज हवा आहे. घरात त्यांचे जुने, लाकडी पेटीचे दोन स्पीकर होते. त्यांना जोडलेला अँप्लिफायर केव्हाच घरघरायला लागला होता. तो बदलायचा, सोबत नवे छोटे स्पीकर घ्यायचे, आणि बाबांना पुन्हा सोफ्यावर आणून बसवायचं. एवढीशी गोष्ट.

शिवाय मी काही सोम्यागोम्या नव्हे. गरम होणारी यंत्रं थंड कशी ठेवायची, या विषयावर मी परदेशात जाडजूड प्रबंध लिहिला आहे. (घरी तो कोणी वाचलेला नाही. आईने त्याला कव्हर शिवलं आहे.)

कव्हरांबद्दल सांगायलाच हवं. आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. जुन्या पडद्यांची आणि चादरींची आई कव्हरं शिवते. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोटला कव्हर, आणि ज्या शिलाई मशीनवर ही सगळी शिवली जातात तिलाही कव्हर.

नवा अँप्लिफायर आला, तेव्हा दुकानातला माणूस जुने स्पीकर भंगारात द्या म्हणाला. माझं रक्त तापलं. वापरा आणि फेका, या वृत्तीशी लढायलाच तर मी परत आलो होतो! "इथे कोणालाही टाकून देणार नाही," असं मी त्याला ठणकावलं आणि जुने स्पीकर नव्यांच्याच जोडीला, अँप्लिफायरच्या त्याच खुंट्यांना, वायरीला वायर पिळून लावले. जुने आणि नवे एकाच पंगतीत. समता म्हणतात ती हीच. टीव्हीचा स्वतःचा आवाजही मी तत्त्व म्हणून बंद करून टाकला.

पहिल्या शनिवारी बाबांना हाताला धरून सोफ्यावर आणलं. समोरच्या फ्लॅटमधले काकाही आले. एकटे राहतात, कुठे काही सुरू झालं की येतात. ताईला दवाखान्याला सुट्टी होती. (माझी थोरली बहीण मुलांची डॉक्टर आहे आणि माझ्याशी बोलतानाही मी तिचा पेशंट असल्यासारखी बोलते.) सिनेमा लावला, एका जुन्या खुनाच्या खटल्याचा.

"ऐकू येतंय ना, बाबा?"

"येतंय, येतंय," बाबा म्हणाले. समोरच्याचं समाधान व्हावं म्हणून माणूस म्हणतो, तशा सुरात.

पडद्यावर वकील उठला. "खरा खुनी," तो म्हणाला, "याच खोलीत..." आणि अँप्लिफायर गप्प. त्याच्या पुढच्या बाजूला लाल दिवा लुकलुकत होता. पडद्यावरचा वकील हातवारे करत राहिला, पण त्याच्या तोंडून चकार शब्द निघेना.

मी कपाटाकडे धावलो. अँप्लिफायरच्या अंगावर फुलाफुलांचं, कडेला झालर लावलेलं, चांगलं जाड कव्हर होतं.

"आई! हे काय?"

"धूळ बसते रे."

"त्याला श्वास घ्यायचा असतो!"

"आम्ही पण घेतोच की श्वास, कपडे घालून."

कव्हर ओढून काढलं आणि मी टॉर्च घेऊन कपाटामागच्या फटीत शिरलो. तेवढ्यात हॉलमध्ये हशा पिकला. काका तर खोकेपर्यंत हसले. साहजिकच माझ्यावर. मी दात ओठ खाल्ले आणि वायरी तपासत राहिलो.

पुढच्या शनिवारी कव्हर नव्हतं. तरीही ऐन विमान पडायच्या वेळी अँप्लिफायर बंद पडला. म्हणजे दोष कपाटाचा. मी कपाटाच्या पाठीला भोकं पाडली. (भोकं जरा जास्त झाली. आता ते कपाट कमी आणि किसणी जास्त दिसतं.) त्यानंतरच्या शनिवारी तो हिरोच्या लग्नात बंद पडला. मग मी पाठीमागे दोन छोटे पंखे बसवले, तर विमान पुन्हा उडाल्याचा आवाज यायला लागला आणि तो नायिकेच्या आजारपणात बंद पडला. मग मी फ्रिजमधल्या गार पाण्याच्या बाटल्या त्याच्या दोन्ही अंगांना टेकवून ठेवल्या.

"बदलून आण ना तो," ताई म्हणाली.

"कदापि नाही. दोष असेल तिथे शोधायचा आणि दुरुस्त करायचा. बदलून आणणं म्हणजे पळपुटेपणा."

"बरं बाबा, लढ."

मी लढत होतो. पण खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. आज ना उद्या बाबा कंटाळून पुन्हा गॅलरीत जातील, ही धास्ती होती. ते अजून जात नव्हते, याचं मला नवल वाटत होतं. उलट शनिवारी जेवण झालं की स्वतःच सोफ्यावर येऊन बसायचे. काका तर आता येताना त्यांच्या भाच्यालाही आणायचे. आणि दर वेळी अँप्लिफायर बंद पडला, मी टॉर्च घेऊन मागे शिरलो, की बाहेर तोच हशा. आधी माझ्या स्वतःच्याच पुटपुटण्यात आणि नंतर पंख्यांच्या घरघरीत शब्द कळायचे नाहीत, पण काय बोलत असतील ते मला पाठ होतं. हसा, मी मनात म्हणायचो, इतिहास तुम्हाला उत्तर देईल.

शेवटी ताईनेच तोंड उघडलं. बाटल्या बदलताना तिने मला पकडलं.

"काय करतोयस?"

"थंड करतोय."

"ताप आलेल्या पोराच्या कपाळावर नुसत्या घड्या ठेवून भागतं का? ताप कशाने आला ते नको बघायला?"

मी तिला प्रबंधाचं दुसरं प्रकरण ऐकवायला तोंड उघडलं आणि तसाच मागच्या वायरींकडे वळलो. ताप कशाने आला? मी चार स्पीकर दोघांच्या जागेवर जुंपले होते. एका बैलाने दोन गाड्या ओढाव्यात तसा तो बिचारा दुप्पट ओझं ओढून तापत होता आणि मी त्याला वारा घालत बसलो होतो. अँप्लिफायरबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर असं करू नका म्हणून छापलेलं होतं. (पुस्तिकेलाही आईने कव्हर घातलं होतं, त्यामुळे ती सापडायला वेळ लागला. माझी बाजू एवढीच.)

मी समता सोडली नाही, हे लक्षात घ्या. फक्त जुन्यांनी आणि नव्यांनी पाळीपाळीने वाजायचं, असं ठरवलं.

त्या शनिवारी अँप्लिफायर बंद पडला नाही. बाटल्या नाहीत, पंखे नाहीत, तरी लोण्यासारखा गार. धमाल विनोदी सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत खणखणीत वाजला. मी सोफ्यामागे हाताची घडी घालून सेनापतीसारखा उभा होतो.

कोणी हसलं नाही. काकांचा डोळा लागला. भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. आणि सिनेमा निम्मा झाला असेल नसेल, बाबा हळूच उठले आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई कप विसळत होती, ताई पुसत होती.

"आज कोणीच हसलं नाही," मी म्हणालो. "एवढा विनोदी सिनेमा!"

"नीट ऐकू आल्यावर कळलं," आई म्हणाली, "तेवढा काही विनोदी नव्हता."

"मग इतके दिवस काय हसत होता? मला?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तुला कशाला हसू?" ताई म्हणाली. "तू दिसायचासच कुठे? अरे, आवाज गेला की बाबा सांगायचे ना."

"काय सांगायचे?"

"पडद्यावरचे काय बोलतायत ते! आवाज गेल्यावर आपल्याला पण नुसते ओठच दिसणार. त्यात बाबांचा हात कोण धरणार? त्या वकिलाच्या तोंडी काय घातलं होतं त्यांनी, आई?"

"खरा खुनी याच खोलीत आहे, पण आधी माझा चष्मा कोण घेऊन बसलंय ते सांगा," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आणि तो जज्ज! 'मला विचारू नका, मी नुसती जागा धरून बसलोय!'"

आम्ही सगळे हॉलमध्ये ऐकत बसलो होतो, तेव्हा बाबा एकटे बहिरे होते. अँप्लिफायर बंद पडला की सगळेच बहिरे व्हायचे, आणि त्या सगळ्यांत अनुभवी माणूस एकच.

आईने ओले हात पुसले. कपाटाच्या खणातून तिने झालरीचं कव्हर काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"एवढं शिकून आलायस," ती म्हणाली, "आता तो अँप्लिफायर परत गरम कसा करायचा तेवढं बघ."

मी काय सांगू? ज्या विषयाच्या विरुद्ध मी जाड प्रबंध लिहिला, त्याच विषयात उतरायची वेळ आली. पण मी हार मानणाऱ्यांतला नाही, हे आधीच सांगितलंय. पुढच्या शनिवारी चारही स्पीकर पुन्हा एकत्र पिळले. पंखे काढले. किसणीची भोकं चिकटपट्टीने बुजवली. कव्हर चढवलं, झालर नीट केली. बाबांना गॅलरीतून आणलं. "आज नको रे," ते म्हणत होते, पण आले.

सिनेमा मी निवडला होता. आशयघन. त्यात दोन म्हातारे पाण्याकाठी बसून राहतात. बोलत नाहीत. पाणीही आवाज करत नाही. आता अँप्लिफायरला कामच नाही तर तो तापणार कसा? मी मिनिटामिनिटाला कव्हराखाली हात घालून बघत होतो. गार! बाबांची नजर गॅलरीकडे वळायला लागली. मी आवाज वाढवला, तर म्हाताऱ्यांची शांतता आणखी मोठ्याने ऐकू आली.

"काय झालं?" ताई कुजबुजली.

"भार पुरेसा नाही. मी आता तळाशी एक उशी..."

आई उठली. काकांना पाणी द्यायच्या निमित्ताने भिंतीपाशी गेली आणि अँप्लिफायरचं बटण बंद केलं. टक्.

बस, एवढंच. (प्रबंधात याचा उल्लेख नाही.)

"गेला वाटतं!" बाबा ताठ बसले. "जा रे, बघ जरा मागे जाऊन."

मी टॉर्च घेऊन कपाटामागे शिरलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी शिरलो नसतो तर बाबांना संशय आला असता. तेव्हापासून दर शनिवारी शिरतो. यंत्र ठणठणीत, दोष शून्य, आणि मी त्याच्यामागे पालथा पडून एक स्क्रू सैल करतो आणि तोच पुन्हा आवळतो. मात्र आता पुटपुटणंही नाही आणि पंखेही नाहीत, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"हा डावीकडचा म्हणतोय," बाबांनी सुरुवात केली, "तू ऊठ. उजवीकडचा म्हणतोय, आधी तू ऊठ. दोघांचेही गुडघे धरलेत, पण सांगणार कोण?"

हॉल गडगडला. मीही तिथे कोळिष्टकांत तोंड दाबून हसलो. माझा निर्णय बरोबर होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. तेवढ्यात काकांचा आवाज आला.

"वाईट वाटतं हो तुमच्या मुलाचं. इतकी वर्षं बाहेर शिकला, आणि एक खोकं दुरुस्त होत नाही त्याच्याच्याने."

"शिकेल हो," बाबा म्हणाले. "हळूहळू शिकेल. आमच्या छापखान्यात तर असल्यांना आम्ही पहिलं वर्षभर नुसता झाडू द्यायचो."