उत्तमराव सरांच्या अकरा लाद्या

उत्तमराव सर काँक्रीट पायानं तपासतात. जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाचं अंगण नवीन झालं की ते फाटकाशी चपला काढतात, डोळे मिटतात आणि मालकाला न विचारता चार पावलं चालून येतात. मग निकाल सांगतात. "घोटाई जास्त झाली बावा. पावसात पडसान." माझ्या अंगणाला त्यांनी शंभरपैकी पस्तीस दिले, तेही शेजारधर्म म्हणून.

सर अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर अकोल्यात घर बांधलं. घर झालं, अंगण तेवढं मुरुमाचं राहिलं, कारण काँक्रीटला वरून रूप कोणतं द्यायचं हे ठरेना. अचलपूरचे युसूफ मिस्त्री या कामात तरबेज. सरांनी त्यांच्याकडून पाऊल मावेल एवढ्या नमुन्याच्या लाद्या करून घेतल्या. एक गुळगुळीत घोटलेली, एक झाडू ओढून चरे पाडलेली, एक वरचं सिमेंट धुऊन बारीक गिट्टी उघडी केलेली, एक दगडी फरशीचा ठसा मारलेली. असं करता करता अकरा झाल्या.

"सर, अब तो बोलो," युसूफभाई दर खेपेला म्हणायचे, "इतक्या दिवसात तं मानूस पोरगी पसंत करते."

सर नुसते मान हलवायचे आणि पुढच्या लादीचं सांगायचे. गल्ली हसायची. मीही हसायचो, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू?

शांताकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, गेल्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. बोलणं वाचलं, डावं अंग गेलं. काठीच्या आधारानं त्या उभ्या राहू लागल्या, पण डाव्या पायाला स्पर्श कळत नव्हता. येईल हळूहळू, पण खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. लाद्यांचं वेड त्यानंतरच सुरू झालं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

एका सकाळी बायकोनं दिलेला मिरचीचा ठेचा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. पडवीत काकू खुर्चीत बसल्या होत्या, डोळ्यांवर पदर. सर खाली मांडी घालून बसलेले. काकूंचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून ते खाली एकेक लादी सरकवत होते.

"कोनती हाय?"

"घोटलेली."

"आता?"

"झाडूची."

अकराच्या अकरा बरोबर. पायाला स्पर्श कळायला लागला, असंच मला वाटलं. मग लक्षात आलं की सर लाद्या भिंतीशी लावलेल्या रांगेतूनच घेतात आणि पुन्हा त्याच जागी ठेवतात. रांग रोज तीच असणार.

आमचा शहाणपणा कुठला गप्प बसतो? "सर, लाद्या मांगंपुढं करून पाहा ना," मी म्हणालो.

सर माझ्याकडे वळताच काकूंनी पदर जरासा खाली केला आणि त्यांच्या पाठीमागून मला मानेनंच खुणावलं, नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी शेवटची लादी जागेवर ठेवली, ते उठले आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"रांग तिले पाठ हाय," ते हळूच म्हणाले. "मले माहीत हाय बावा. पायाले अजून काईच समजत नाई."

"मंग अंगण करून टाका ना सर. युसूफभाई कवाचे थांबून राहिले."

सर मुरुमाकडे पाहत राहिले. "अडतीस वर्सं संसार केला. घराचा रंग म्या ठरवला, पोरीची शाळा म्या ठरवली, हिच्या लुगड्याचा रंगबी म्याच सांगे. तिले कदी काई इचारलंच नाई. आता रोज सकायी अकरा डाव इचारतो, आन् थे सांगते. अंगण झालं का मंग काय इचारू तिले?"

माझ्या स्वतःच्या अंगणाची पसंती मी सिमेंटच्या दुकानात पंधरा मिनिटांत केली होती, एकट्यानं. बायको तेव्हा घरीच होती.

त्याच दुपारी मी युसूफभाईंना फोन लावला आणि सरांसाठी बारावी लादी करायला सांगितली.