जुन्या खाणीच्या गाडीवाटेवर घरकुलें वसलीं त्याची हकीकत

श्रीधरित्री प्रसन्न. जिच्या पाठीवर राजा बसो कीं गाढव बसो, जी वजनाची तक्रार करीत नाहीं, तिला आधीं दंडवत घालोन हा मजकूर लिहितों. लिहिणार दरबारचा कारकून. नांव सांगण्याजोगें नाहीं, गुडघे मात्र याच कामीं झिजले, हें वाचणारानें ध्यानीं धरावें.

शके अठराशें वीस, विलंबीनाम संवत्सर, माघ मास. संवत्सराचें नांव पंचांगकर्त्यांनीं ठेविलें, आमच्या दरबारानें तें सार्थ केलें. श्रीमंत सरकार गादीवर असतां नगराच्या ओढ्यांत शहाण्णव बिऱ्हाडें पत्र्याचे आडोसे करून राहात होतीं, आणि दरसाल आषाढमासीं ओढा पाहुण्यासारखा आंत येई आणि जातांना भांडीं घेऊन जाई. मागील सालीं तिम्मव्वा धोत्रे म्हणोन साठी उलटलेली वडारीण, तिचें घर चुलीसकट वाहोन गेलें आणि ती बाभळीस मिठी मारोन दीड प्रहर पाण्यांत उभी राहिली. हें वर्तमान हुजुरांस कळलें, डोळां पाणी आलें, आणि आज्ञा जाहली कीं, या शहाण्णव बिऱ्हाडांस पक्कीं घरकुलें द्यावीं, अर्धा भार सरकारानें सोसावा. मात्र जागा नगराच्या आंतच शोधावी आणि अक्षय्यतृतीयेच्या आंत शोधावी. न मिळाली तर सर्वांस बारा कोसांवर माळावर न्यावें. हें ऐकोन तिम्मव्वा म्हणाली, "बारा कोसांवर दगड लई हाय सायेब, पर फोडून घेणारा कोण हाय तिथं? आमी खायाचं काय?" मग प्रधान यादवराव यांनीं कंबर बांधिली, आणि भूमिपंडित विश्वंभरपंत बिडवे व नकाशेनवीस रंगोपंत यांस सवें घेतलें, आणि जमिनीची परीक्षा घेणेंस खड्डे खणावयासी मजूर लागतात म्हणोन तिम्मव्वेसही रोजावर घेतलें, आणि छत्री धरावयासी मज गरिबास घेतलें.

प्रथम पूर्वेकडील काळें रान पाहिलें. ऐसें सपाट कीं रंगोपंतांनीं तेथेंच नकाशा पसरिला आणि घरांच्या सरळ सहा रांगा आंखिल्या. प्रधानजी प्रसन्न जाहले. इतकियांत तहान लागली म्हणोन शेजारच्या एका घरीं पाणी मागितलें, तों त्या घराच्या भिंतीस ऐशी भेग कीं आंतील बाईनें भेगेंतूनच हात बाहेर काढोन तांब्या दिला. विश्वंभरपंत म्हणाले, "ही माती पावसांत फुगते आणि उन्हांत आकसते. येथें घर बांधणें म्हणजे म्हशीच्या पाठीवर बिऱ्हाड मांडणें." प्रधानजींनीं पाणी पिऊन तांब्या भेगेंतूनच परत दिला. मग नदीकांठ पाहिला. तिम्मव्वेनें दोन हात खणिलें तों पाणी लागलें आणि पाण्यांतून बेडूक निघोन प्रधानजींकडे पाहों लागला, आणि परततांना प्रधानजींचा एक जोडा चिखलांत गेला तो आजतागायत गेलाच आहे. मग टेकडी पाहिली. खालीं खडक ऐसा कीं पहार वांकली, पण प्रधानजी वर पोंचले ते दगडावर बसोन नुसते हात हालवूं लागले, आणि घटकेनें म्हणाले, "मी रिकामा चढलों तर जीव कंठाशीं आला. म्हाताऱ्या बाया येथें घागरी घेऊन चढतील काय? चला खालीं." ऐसा माघ गेला, फाल्गुन गेला, विलंबी संपोन विकारी संवत्सर लागलें, आणि तृतीयेस आठ दिवस उरले.

आतां सरकारी जागा एकच उरली, ती जुनी दगडखाण. सारें नगर, राजवाड्यासकट, तिच्याच दगडाचें; आणि दगड संपल्यावर तीस वर्षें नगरानें आपला राडारोडा, राख आणि फुटकीं कौलें तींत टाकोन ती कांठोकांठ बुजविली. वरून पाहातां मैदान. विश्वंभरपंतांनीं मधोमध जमिनींत छिद्र पाडावयाचें यंत्र लाविलें, शास्त्रांत तैसेंच आहे म्हणतात. दहा हात गेलें, राख. वीस हात गेलें, कौलें. तीस हात गेलें, आणि एका चिनी बशीचा तुकडा वर आला, त्यावर गुलाबाचें फूल. पंतांनीं टोपी काढिली आणि म्हणाले, "भरावाची जमीन. आज बांधाल, उद्यां खचेल. नापास." प्रधानजींनीं डोईस हात लाविला. माळावर न्यावयाच्या गाड्यांचा हुकूम लिहावा म्हणोन मज खूण केली, आणि मीं लेखणी शाईंत बुडविली.

तेव्हां तिम्मव्वा कुदळ खालीं ठेवून बोलिली, "सायेब, मधोमध कशापायी बघताय? मधला दगूड तर आमीच खाल्लाय."

"मग?" प्रधानजी म्हणाले.

"कडंनं गाडीवाट हाय न्हवं. ती आमी फोडली न्हाई. फोडली असती तर दगूड घिऊन बैल वर आलं कुठनं असतं?"

विश्वंभरपंत यंत्र सोडोन तिच्यापाशीं आले. मग ते हळूच म्हणाले, "बाई, ती वाट गाडलेली. कोठें आहे तें सांगाल?" तिम्मव्वा म्हणाली, "मला काय म्हाईत? माज्या पायास्नी म्हाईत. बारा वर्सं चालल्यात. पर रिकाम्या डोईनं न्हाई आठवायचं. पाटी भरा." रंगोपंत हंसले. प्रधानजी हंसले नाहींत. त्यांनीं आपल्या हातें दगड उचलोन पाटींत घातले आणि तिच्या डोईवर पाटी दिली, आणि प्रधानानें वडारणीच्या डोईवर पाटी दिल्याचें आमच्या दप्तरांत दुसरें उदाहरण नाहीं. मग तिम्मव्वा खाणीच्या तोंडाशीं शेंदरी दगड होता तेथें उभी राहिली, डोळे मिटले, आणि चालों लागली. मान ताठ, पाऊल आखूड, ओठ हालताहेत. मी मागोमाग चुन्याची रेघ ओढीत गेलों. बाई कडेकडेनें गेली, उजवीस वळली, ऐसे सव्वादोनशें पावलांवर थांबली आणि म्हणाली, "हितं रुंद जागा हाय. हितं बैल दम खायाचं." मग पुन्हां डावीस वळोन चालली.

पंतांनीं रेघेवर यंत्र लाविलें. दोन हातांवर ठण्ण वाजलें. रुंद जागीं लाविलें, सात हातांवर ठण्ण. आणिक पुढें दहा हातांवर, पण ठण्णच. वाटेच्या अंगास दगड काढतांना राखिलेले रुंद टप्पेही तिनेंच दाखविले, तेही अखंड खडक. विश्वंभरपंत लहान मुलासारखे टाळ्या वाजवूं लागले आणि म्हणाले, "पाया खडकापर्यंत न्यावा, वर पाहिजे तें बांधावें! मधलें मैदान मोकळें ठेवावें, तें खचूं दे हवें तितकें." पण रंगोपंत आडवे आले. म्हणाले, "या रेघेवर घरें म्हणजे रस्ता नागमोडी. मंजूर नमुना सरळ रांगांचा. वांकड्या रस्त्यास मी सही करणार नाहीं, मग तो खडकावर असो कीं मेरूवर." तेव्हां प्रधान यादवराव, ज्यांचा आवाज चढलेला कोणीं ऐकिला नव्हता, ते गरजले, "रंगोपंत, सरळ रांगा मी काळ्या रानांत पाहिल्या, तेथें भिंतींतून तांब्या येतो! नकाशा वांकवा, नाहींतर टांक मजकडे द्या!" रंगोपंतांनीं नकाशा वांकविला. तो दिवस तृतीयेच्या आदला.

त्या पावसाळ्यांत बिऱ्हाडें सरकारी पागेंत ठेविलीं, घोड्यांनीं कुरकुर केली, आणि पुढील वैशाखांत शहाण्णव घरकुलें उभीं राहिलीं. वाट वळे तैसीं घरें वळलीं. कोणतें घर कोणास याच्या चिठ्ठ्या निघाल्या, पण हुजुरांनीं आज्ञा केली कीं, तिम्मव्वेनें आधीं आपलें निवडावें. सर्वांस वाटलें, बाई तोंडावरचें घेईल, बाजार जवळ. ती चालत चालत आंत गेली आणि रुंद जागीं थांबली.

भाद्रपदांत विश्वंभरपंत हातांत कोरा कागद घेऊन आले. ओढा दुथडी होता, मधलें मैदान दीड हात खचलें होतें आणि त्यांत मुलें होड्या सोडीत होतीं. पंत घरोघरीं भिंतीवर कागद फिरवीत गेले, कोठें भेग असेल तर कागद आंत शिरेल म्हणोन. शहाण्णव घरें पाहिलीं. कागद कोठें शिरला नाहीं. शेवटीं तिम्मव्वेच्या ओट्याशीं आले, मीही गुडघे धरून मागें होतोंच. ती भिंतीस पाठ टेकोन, पाय पसरोन बसली होती. पंतांनीं विचारिलें, "बाई, पुढचें घर सोडून हेंच कां घेतलें?"

ती म्हणाली, "हितं बैल दम खायाचं, पर आमाला कुनी खाऊ देत न्हवतं. म्हनलं, आता आपुन खावा."

तात्पर्य इतकेंच कीं, जागा शोधितां सर्व जमिनी पाहिल्या, चालणारे पाय सर्वांत शेवटीं पाहिले. शहाण्णव बिऱ्हाडें सुखरूप. प्रधानजींचा जोडा मिळाला नाहीं. लिहिणार त्याच ओट्यावर चहा पिऊन उठला, आणि उठतांना तिम्मव्वेनें हात दिला.