भैयाजीच्या ठेल्यावरची तपासणी

प्रभाकररावांच्या गालाला आतून फोड आला, तो दोन महिने झाले तरी बसेना. हिंगणघाटात त्यांचं कापडाचं दुकान. चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय साधा टेबलफॅन न घेणारा माणूस! पण तोंडातल्या फोडाबद्दल त्यांनी विचारलं कोणाला? तर पानठेल्यावर तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा घोटणाऱ्या भैयाजीला. ज्याचा खर्रा दिवसभर त्याच गालात असायचा, त्यालाच!

"अवो, दवाखान्यात दाखवा ना," त्यांची बायको अनुसयाबाई म्हणाल्या. "सरकारी दवाखान्याची आशाताई घरी येऊन सांगून गेली. तीन आठवड्यांत फोड बसला नाई तं डॉक्टरले दाखवाच लागते."

"तिले काय समजते? भैयाजीचा ठेला वीस वर्सापासून हाये!"

ठेल्यावर रीतसर तपासणी झाली. मोबाईलची बॅटरी लागली, चार टाळकी प्रभाकररावांच्या तोंडात डोकावली.

"उष्णता हाये," भैयाजीनं निकाल दिला. "तुरटीचं पानी धरा."

तुरटीनं गाल सोलला. मग ठेल्यावर रोज बसणाऱ्या सचिननं मोबाईलवर आलेला इलाज वाचून दाखवला, कांद्याचा रस. त्यानं तर प्रभाकरराव भर बाजारात नाचले.

"चुना लागून राह्यला तुमाले," भैयाजी कळवळून म्हणाला. "आजपासून बिनचुन्याचा खर्रा खाजा. तो औषधी असते."

प्रभाकररावांनी औषधाचा डोस दुप्पट केला. पंधरा दिवसांत तोंड इतकं आखडलं की चमचा आत जाईना. चमच्याचं काही नाही हो, पण खर्राही जाईना! तेव्हा कुठे स्वारी अनुसयाबाईंच्या मागोमाग वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात निघाली.

कॅन्सरच्या विभागाची पाटी त्यांनी दोनदा वाचली. रांगेत बसले, तर शेजारी मांडीवर जाडजूड फाईल घेऊन साक्षात भैयाजी!

"तू इथं काऊन?" प्रभाकरराव दातांच्या फटीतून पुटपुटले.

"मले बी असाच फोड आलता मागच्या वर्सी. पंधरा दिवस वाट पाह्यली, नाई बसला. सीधा इथं आलो. लवकर आलो म्हणून थोडक्यात निभावलं, डॉक्टरनं कापून काढला. आता दर तीन महिन्यांनी दाखवाले येतो."

"मग मले तुरटी काऊन सांगतली बे?"

"आता घ्या! ठेल्यावरचं गिऱ्हाईक मीच दवाखान्यात धाडलं, तं ठेला कसा चालन?"

प्रभाकररावांना तोंड भरून शिव्या द्यायच्या होत्या. पण तोंड उघडेल तर ना!